आयन चलनशीलता मापन

वायू भरलेल्या नळीत विद्युत् क्षेत्राच्या जोरावर आयन (विद्युत् भार असलेले अणू किंवा रेणू) सोडायचे, कोणता किती वेळात पलीकडे पोचतो ते मोजायचे आणि त्यावरून त्यांना एकमेकांपासून वेगळे करून त्यांच्या आकाराचा अंदाज बांधायचा, अशी ही पद्धत आहे. प्रयोगशाळेत तिला ‘आयन मोबिलिटी’ म्हणतात. मास स्पेक्ट्रोमीटरला जोडली की ‘आयएम-एमएस’.

मास स्पेक्ट्रोमीटर हा एक तराजू आहे. आयनाचे वस्तुमान आणि त्यावरचा विद्युत् भार यांचे गुणोत्तर तो फार बारकाईने सांगतो, पण वजनापलीकडे त्याला फारसे दिसत नाही. ल्युसीन आणि आयसोल्युसीन या दोन ॲमिनो अम्लांत अणू तेच आणि तेवढेच, फक्त जोडणी निराळी. तराजूवर दोन्ही सारखीच भरतात. प्रथिनाची साखळी नीट घडी घातलेली असो की उलगडलेली, तिचेही वजन बदलत नाही. बदलते ती तिने अडवलेली जागा.

दादरच्या पुलावरच्या गर्दीतून एकदा मिटलेली छत्री घेऊन जावे आणि एकदा उघडलेली. छत्री तीच, मागून रेटाही तोच. पण उघड्या छत्रीला माणसे अडतात आणि पूल ओलांडायला वेळ लागतो. नळीतली गर्दी हीलियम किंवा नायट्रोजनच्या कणांची असते. धातूच्या कड्यांची चळत रचून, कड्याकड्यांमध्ये रोधक बसवून नळीभर एकसारखे क्षेत्र तयार करतात. आयन जरा वेग घेतो, वायूच्या कणावर आदळतो, वेग गमावतो, पुन्हा घेतो. सरासरीने त्याचा वेग स्थिर राहतो. या वेगाला क्षेत्राच्या तीव्रतेने भागले की मिळते ती चलनशीलता. तिच्यावरून वर्ग अँगस्ट्रॉममध्ये (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटीमीटरचा दहा कोटीवा भाग) आयनाचा ‘टक्कर काटछेद’ काढतात, म्हणजे वायूला समोरून किती रुंद अडथळा आहे ते. यासाठी लागणारे समीकरण मेसन आणि शाम्प यांच्या नावाने ओळखले जाते. ते १९५८ चे आहे.

कल्पना मात्र त्याहून बरीच जुनी. क्ष-किरणांनी हवेत तयार झालेल्या आयनांचे वेग रदरफर्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केंब्रिजला मोजले होते, आणि १९०५ मध्ये लांजव्हँ यांनी त्याला सिद्धान्ताची बैठक दिली. १९६० च्या दशकात अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेतील मॅकडॅनिएल यांनी अशा नळीच्या टोकाला मास स्पेक्ट्रोमीटर बसवला. १९७० मध्ये कोहेन आणि कारासेक यांनी हे तंत्र ‘प्लाझ्मा क्रोमॅटोग्राफी’ या भारदस्त नावाने मांडले. नाव टिकले नाही, उपकरण टिकले. विमानतळावर सुरक्षा कर्मचारी बॅगेवरून कापडाची पट्टी फिरवून ती यंत्रात सरकवतात, त्यातल्या अनेक यंत्रांत हीच नळी असते. पट्टी तापवली की स्फोटकाचे अंश वाफ होऊन आयन बनतात आणि काही सेकंदांत निकाल लागतो. नायट्रोग्लिसरीन हे हृदयविकाराचे औषधही आहे आणि स्फोटकही. यंत्राला हेतू कळत नाही.

रसायनशास्त्रज्ञांना या नळीची गोडी लागली ती कार्बनमुळे. फुलरीन, म्हणजे कार्बनच्या अणूंचा चेंडूसारखा पोकळ रेणू, सापडल्यावर प्रश्न उरला, की हा चेंडू बनतो कसा? कॅलिफोर्नियातील सँटा बार्बराचे मायकेल बॉवर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कार्बनचे पुंजके नळीतून सोडले. अणूंची संख्या तीच असलेले पुंजके वेगवेगळ्या वेळी बाहेर पडले. कुठे सरळ साखळी, कुठे एकेरी कडे, कुठे जोडकडी, कुठे बंद पिंजरा. मार्टिन जॅरोल्ड यांनीही याच दिशेने काम केले. आदळआपट करून तापवलेली कडी फुलरीनमध्ये बदलताना दिसली.

जॉन फेन यांनी विकसित केलेल्या इलेक्ट्रोस्प्रेमुळे, म्हणजे द्रावणाचा विद्युत् भारित फवारा करण्याच्या पद्धतीमुळे (नोबेल २००२), प्रथिने अखंड स्थितीत आयनरूपात मिळू लागली. १९९५ मध्ये क्लेमर, हजिन्स आणि जॅरोल्ड यांनी सायटोक्रोम सी हे प्रथिन नळीतून सोडले. भार कमी असताना ते आवळलेले होते. भार वाढवत नेला तसे एकमेकांना दूर ढकलणाऱ्या भारांनी साखळी ताणली गेली आणि काटछेद दुपटीहून अधिक झाला.

इथूनच या क्षेत्रातला खरा वाद सुरू होतो. प्रथिनाची घडी पाण्यात बनते. मग पाणी काढून घेतल्यावर वायूत जे मोजतो, ते प्रथिन म्हणायचे की त्याचे कलेवर? कॅरॉल रॉबिन्सन यांची कारकीर्द बरीचशी या प्रश्नाभोवती फिरते. १६ व्या वर्षी शाळा सोडून त्या केंटमधील सँडविच येथे फायझरच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून लागल्या. नोकरी सांभाळून शिकल्या, स्वान्झीला पदव्युत्तर पदवी आणि केंब्रिजला डॉक्टरेट मिळवली, आणि मग तीन मुलांसाठी आठ वर्षे संशोधनापासून दूर राहिल्या. एवढ्या खंडानंतर परत येणाऱ्याला विज्ञानात सहसा जागा ठेवलेली नसते. त्या मात्र २००१ मध्ये केंब्रिजच्या आणि २००९ मध्ये ऑक्सफर्डच्या पहिल्या महिला रसायनशास्त्र प्राध्यापक झाल्या.

त्यांच्या गटाने २००५ मध्ये ‘ट्रॅप’ नावाचे प्रथिन निवडले. त्याचे ११ सारखे घटक कड्यासारखे जुळलेले असतात आणि मधोमध भोक असते. निवड चतुर होती: कडे मोडून गोळा झाले तर काटछेद ठळकपणे घटणार. स्फटिकातील रचनेवरून गणिताने काढलेला आकडा आणि नळीतला आकडा कमी भाराच्या आयनांसाठी जुळला. पाण्याविनाही कडे शाबूत होते. ट्रिप्टोफॅन हे ॲमिनो अम्ल जोडल्यावर ते अधिक पक्के झाले, आरएनए जोडल्यावर त्याहून. भार जास्त असलेले आयन मात्र कोसळलेले निघाले. हा तपशील सोयीस्करपणे विसरला जातो. आकार टिकतो, पण आयन हळुवार हाताळले तरच.

पेशीपटलातील प्रथिने पाण्यात विरघळतच नाहीत. २००८ मध्ये याच गटाने ती डिटर्जंटच्या गोळ्यात गुंडाळून यंत्रात नेली आणि आत गेल्यावर टकरींनी वेष्टन उतरवले. २०१४ मध्ये अशा प्रथिनांना चिकटलेले मेद तपासले. टकरींचा जोर पायरीपायरीने वाढवत प्रथिन कधी उलगडते ते नळीत पाहिले, तर प्रत्येक मेदाचा आधार सारखा नव्हता. काही ठरावीक मेदच घडी जास्त धरून ठेवत होते.

उपकरणांचे प्रकार आता बरेच झाले आहेत. २००६ पासून बाजारात आलेल्या ‘सिनॅप्ट’ या उपकरणात स्थिर क्षेत्राऐवजी विद्युत् दाबाच्या लाटा आयनांना पुढे ढकलतात, तिथे काटछेद थेट मिळत नाही, ओळखीच्या आयनांवर यंत्र आधी जुळवून घ्यावे लागते. ‘टिम्स’ या दुसऱ्या प्रकारात सगळे उलटे: वायूचा झोत आयनांना पुढे ढकलतो, क्षेत्र त्यांना जागच्या जागी थोपवते, आणि क्षेत्र उतरवत नेले की मोठ्या काटछेदाचे आयन आधी सुटतात. नळीतला प्रवास मिलिसेकंदांचा आणि उड्डाणकाल स्पेक्ट्रोमीटरचे (आयनांना उडायला लागणाऱ्या वेळेवरून वस्तुमान काढणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरचे) एक मापन मायक्रोसेकंदांचे, त्यामुळे एका प्रवासात शेकडो वर्णपट नोंदवता येतात. ही वेळेची घडी आपोआपच छान बसली आहे.

काटछेद ही अखेर सावलीच, आणि तीही सगळ्या बाजूंनी पडलेल्या सावल्यांची सरासरी. म्हणून संशोधक संगणकावर संभाव्य रचना तयार करून प्रत्येकीचा काटछेद काढतात आणि मापनाशी न जुळणाऱ्या बाद करतात. बऱ्याचदा एकाहून अधिक रचना शिल्लक राहतात.