गिअरचं ‘करेक्शन’: पार्श्वभूमी

इन्व्हॉल्यूट म्हणजे वर्तुळावर गुंडाळलेला दोरा ताणून सोडवताना त्याचं टोक काढतं तो वक्र. गिअरच्या इन्व्हॉल्यूट दाताचं गणित अठराव्या शतकातलं. त्याचा प्रतिस्पर्धी वक्र सायकलॉइड मागे का पडला ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडतं. इथे विषय आहे तो इतका नेटका वक्र मुद्दाम बिघडवण्याचा. यालाही ‘करेक्शन’ म्हणतात आणि दुसऱ्याच एका गोष्टीलाही, म्हणून घोळ होतो.

इन्व्हॉल्यूट गिअर एकसारखा फिरतो, पण दात वाकत नाही असं धरलं तर. लोड आला की दात वाकतो आणि मागची जोडी वेळेआधीच भिडते. दाताचं टोक समोरच्याच्या मुळापाशी आदळतं. गिअर वाजतो तो त्यामुळे, आणि दाताला जादा मारही तिथेच बसतो. उपाय म्हणजे टोकाकडचे काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) काढून टाकायचे: टिप रिलीफ. दात किती वाकतो यावरून रिलीफचं माप ठरवणारं ब्रिटिश काम १९३८ ते ४० मधलं. लोडनुसार ट्रान्समिशन एरर (फिरणारा गिअर आदर्श जागेच्या किती पुढेमागे होतो ती चूक) कशी बदलते, याचे आलेख १९५८ मध्ये आले.

मग ‘करेक्शन’ या शब्दाचा घोळ कुठून आला? जुन्या जर्मन वळणाच्या पुस्तकांत करेक्शन म्हणजे प्रोफाइल शिफ्ट. २० अंश कलाच्या कटरने १२ दातांचं पिनियन (जोडीतला छोटा गिअर) कापलं तर मुळाशी अंडरकट येतो, म्हणजे मूळ पोखरलं जातं, कारण ते टाळायला निदान १७ दात लागतात. म्हणून कटर बाहेर सरकवतात. ड्रॉइंगवर ‘करेक्शन +०.३’ आणि मॉड्यूल (दाताच्या आकाराचं माप, मिलिमीटरमध्ये) ३ असेल, तर सरकवायचं ०.९ मिलिमीटर. दाताचं मूळ जाड होतं, टोक निमुळतं होतं, पण वक्र अस्सल इन्व्हॉल्यूटच राहतो. त्याच वक्राचा फक्त वेगळा तुकडा वापरात येतो. टिप रिलीफमध्ये नेमका तो वक्रच सोडायचा असतो, आणि तोही १५-२० मायक्रॉनने. म्हणजे एकाच शब्दाच्या दोन अर्थांत पन्नासेक पटींचा फरक! इंग्रजीतही दोन्हींना ‘मॉडिफिकेशन’ म्हणत आल्याने गुंता सुटला नाही. माझ्या मते करेक्शन हा शब्द ड्रॉइंगवरून हद्दपारच करावा. अचूक इन्व्हॉल्यूट तपासणी यंत्राच्या चार्टवर सरळ रेघ दिसतो. रिलीफमुळे टोकाशी रेघ आत वळली की नवखा इन्स्पेक्टर तो चांगला गिअर रिजेक्टमध्ये टाकतो. त्याला दोष कसा देणार?

रुंदीच्या दिशेचं क्राउनिंगही याच घराण्यातलं. शाफ्ट वाकला तरी लोड दाताच्या कडेवर जाऊ नये, म्हणून पोट किंचित फुगवायचं. मार्किंग ब्लू (दात कुठे टेकतो ते दाखवणारा निळा रंग) लावून फिरवलं की डाग मधोमध उमटतो.

रिलीफ कुठल्या लोडसाठी द्यायचा, हा खरा पेच मात्र हल्लीच बोचायला लागला. पूर्ण लोडला बेतलेला रिलीफ हलक्या लोडला जास्त ठरतो आणि गिअर शिट्टी मारतो. पूर्वी ती शिट्टी इंजिनच्या आवाजात बुडून जायची. इलेक्ट्रिक गाडीत २५ दातांचं पिनियन १२,००० आरपीएमने फिरलं की आवाज ५,००० हर्ट्झचा, म्हणजे माणसाचा कान फार तिखट असतो त्याच पट्ट्यातला. त्यात रिजेनमध्ये, म्हणजे मोटरच जनरेटर होऊन ब्रेक लागताना लोड दाताच्या दुसऱ्या बाजूवर येतो. त्यामुळे ड्राइव्ह (गाडी ओढताना भिडणारी) आणि कोस्ट (ब्रेक लागताना भिडणारी) बाजूंना वेगवेगळा रिलीफ मागणारी ड्रॉइंग आता येतात, आणि ग्राइंडिंग व्हीलच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या ड्रेस (घासून आकार देणं) कराव्या लागतात.