हिस्टेरिया (अल्बम)

हिस्टेरिया : ‘डेफ लेपर्ड’ या इंग्लंडमधील शेफील्डच्या रॉक बँडचा चौथा स्टुडिओ अल्बम. प्रकाशन ३ ऑगस्ट १९८७. निर्माता रॉबर्ट जॉन ‘मट’ लँग. एकूण १२ गाणी; कालावधी सुमारे साडेबासष्ट मिनिटे. गायक जो एलियट, गिटारवादक स्टीव्ह क्लार्क व फिल कॉलन, बेसवादक रिक सॅव्हेज आणि ड्रमवादक रिक ॲलन. जगभरातील खप दोन कोटींहून अधिक सांगितला जातो. एकट्या अमेरिकेत १ कोटी २० लाख प्रतींचे प्रमाणपत्र मिळाले आहे. पॉप मेटल (हेवी मेटलचा जोरकस गिटारनाद आणि पॉपची गुणगुणता येणारी चाल यांचा मेळ) या प्रकाराचे सर्वांत पूर्णत्वाला गेलेले उदाहरण म्हणून याच अल्बमकडे बोट दाखवावे लागते.

वर्गीकरणाबाबत मतभेद आहेत. बँडची स्थापना १९७७ ची. १९७९ मध्ये लंडनच्या ‘साउंड्स’ साप्ताहिकाने ‘ब्रिटिश हेवी मेटलची नवी लाट’ असे नाव रूढ केले आणि डेफ लेपर्डची गणना त्या लाटेत होऊ लागली. पुढे अमेरिकी लेखकांनी त्यांना लॉस अँजेलिसच्या ग्लॅम मेटल बँडांच्या रांगेत बसवले. सदस्यांनी मात्र दोन्ही बिरुदे नाकारली असून, आपले मूळ १९७० च्या दशकारंभीच्या ब्रिटिश ग्लॅम रॉकमध्ये (भडक वेशभूषा व सर्वांनी मिळून गायची ध्रुवपदे असलेल्या रॉकमध्ये), म्हणजे टी. रेक्स, स्लेड, स्वीट, मॉट द हूपल यांच्या संगीतात असल्याचे ते सांगत आले. अल्बममधील अंतर्गत पुरावा त्यांच्या बाजूने जातो. ‘रॉकेट’ या गाण्याचे शब्द त्या काळच्या गाण्यांच्या नावांनीच गुंफलेले आहेत, आणि गिटारपेक्षा सामूहिक ध्रुवपदाला दिलेले महत्त्व हे मेटलचे नव्हे, ग्लॅमचे लक्षण आहे. ‘पॉप मेटल’ ही संज्ञा येथे सोयीपुरती वापरली आहे.

निर्मितीचा काळ बहुधा फेब्रुवारी १९८४ ते जानेवारी १९८७ असा दिला जातो. आधीच्या ‘पायरोमेनिया’ (१९८३) या अल्बमने अमेरिकेत मोठे यश मिळवले होते. त्या श्रमांनी थकलेल्या लँगने सुरुवातीला माघार घेतली. त्याच्या जागी निर्माता म्हणून जिम स्टाइनमन आला. हॉलंडमधील हिल्व्हर्समच्या विसेलोर्ड स्टुडिओत काम सुरू झाले, पण स्टाइनमनला हवा असलेला कच्चा, एकत्र वाजवल्यासारखा नाद बँडला पटेना आणि ते मुद्रण बाजूला ठेवण्यात आले. मग तंत्रज्ञ नायजेल ग्रीनसह बँडने स्वतःच प्रयत्न केला. त्यातूनही फारसे हाती लागले नाही. ३१ डिसेंबर १९८४ रोजी शेफील्डजवळ मोटार अपघातात रिक ॲलनने डावा हात गमावला. तो तेव्हा २१ वर्षांचा होता. बँडने दुसरा ड्रमवादक घेतला नाही. लँग १९८५ मध्ये परतला. त्यानंतरही त्याचा स्वतःचा मोटार अपघात, एलियटला झालेले गालगुंड अशा कारणांनी काम लांबत गेले. आज आपण ऐकतो ते मुद्रण प्रामुख्याने लँग परतल्यानंतरचे मानणे अधिक योग्य. तीन वर्षे अखंड ध्वनिमुद्रण चालले ही समजूत तितकीशी खरी नाही.

ध्वनिमुद्रणाची पद्धत हा या अल्बमचा खरा गाभा. मायकेल जॅक्सनचा ‘थ्रिलर’ डोळ्यांसमोर ठेवून, प्रत्येक गाणे स्वतंत्र सिंगल (एकट्याने प्रकाशित होणारे गाणे) म्हणून उभे राहील असा रॉक अल्बम करायचा, हे उद्दिष्ट बँड आणि लँग यांनी उघड सांगितले आहे. त्यासाठी पाच जण एका खोलीत वाजवतात ही कल्पनाच सोडून देण्यात आली. गिटारसाठी मोठे ॲम्प्लिफायर फारसे न वापरता ‘बॉस्टन’ बँडच्या टॉम शोल्झने तयार केलेल्या रॉकमन या लहानशा यंत्रातून नाद घेतला गेला. तो नाद बारीक व दाबलेला असतो. एकटा ऐकला तर पातळ वाटतो, पण त्यामुळेच त्याचे अनेक थर एकमेकांवर चढवता येतात आणि गायनाला मोकळी जागा उरते. काही ठिकाणी कॉर्डमधील (एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांच्या समूहातील) एकेक स्वर वेगवेगळा वाजवून मुद्रित केला आणि नंतर जुळवला. एकाच वेळी सहा तारा छेडल्या की ताणलेल्या, कर्कश केलेल्या नादात स्वर एकमेकांवर घासतात; सुटे घेतले तर प्रत्येक स्वर स्वच्छ राहतो. शीर्षकगीतातील गिटारची घंटेसारखी स्पष्टता या दृष्टीने कान देऊन ऐकण्याजोगी आहे: क्लार्क आणि कॉलन एकच चाल न वाजवता एकमेकांच्या मधल्या जागा भरतात, आणि दोन वाद्ये कोठे जुळतात हे शोधूनही सापडत नाही.

साथीचे आवाज याच रीतीने बांधले आहेत. लँग स्वतः बँडबरोबर गात असे. एकेक ओळ अनेकदा मुद्रित करून तिचा समूह केला जाई. श्रेयनामावलीत या समूहाला ‘द बँकरप्ट ब्रदर्स’ असे नाव आहे. समूहातला एकेक आवाज जोराने, जवळजवळ ओरडून लावलेला, पण एकत्रित परिणाम गुळगुळीत, अशी ही रचना आहे. मिश्रणाचे, म्हणजे सगळे सुटे थर एकत्र जुळवण्याचे, काम माइक शिप्ली आणि लँग यांचे. त्यालाही काही महिने लागले.

ड्रमबाबत लोकप्रिय कथन आणि तांत्रिक वस्तुस्थिती यांत फरक करावा लागतो. ॲलनने डाव्या पायाने चालणारी पेडले जोडलेला सिमन्स कंपनीचा इलेक्ट्रॉनिक संच आत्मसात केला आणि १६ ऑगस्ट १९८६ रोजी कॅसल डॉनिंग्टन येथील ‘मॉन्स्टर्स ऑफ रॉक’ महोत्सवात तो प्रचंड समुदायापुढे वाजवला. ही घटना निर्विवाद असून तिचे मोल कमी लेखता येणार नाही. मात्र अल्बमवरील ड्रमचे नाद बव्हंशी नमुने (आधी मुद्रित केलेले सुटे ध्वनी) घेऊन फेअरलाइट या संगणकीय वाद्यातून रचलेले आहेत, आणि गिटार व गायन झाल्यावर अखेरीस ते बसवले गेले, असे त्या कामात सहभागी तंत्रज्ञांच्या कथनांवरून दिसते. लँगची ही पद्धत अपघातापूर्वीच्या ‘पायरोमेनिया’पासूनच त्या दिशेने चालली होती. तेव्हा हा यांत्रिक नाद अपघातामुळे आला असे म्हणण्यापेक्षा, निर्मात्याची पद्धत आणि ड्रमवादकाचे नवे वाद्य एकमेकांना पूरक ठरले, असे म्हणणे बरोबर होईल.

‘लव्ह बाइट्स’ हे लँगने आणलेले संथ, मुळात कंट्री संगीताच्या वळणाचे गाणे. ‘पोअर सम शुगर ऑन मी’ सर्वांत शेवटी आले: एलियट विश्रांतीत गिटारवर काही छेडत असताना लँगने ते ऐकले आणि अल्बम जवळजवळ पुरा झालेला असूनही ते गाणे थोड्याच दिवसांत उभे केले. त्याच्या बोलक्या, तालावर तोललेल्या गायनावर त्या सुमाराच्या रॅपचा प्रभाव स्पष्ट आहे. ‘गॉड्स ऑफ वॉर’मध्ये रोनाल्ड रेगन आणि मार्गारेट थॅचर यांच्या भाषणांचे तुकडे येतात.

साडेबासष्ट मिनिटे एका लाँगप्ले तबकडीवर बसवणे ही वेगळीच अडचण होती. एका बाजूला अर्ध्या तासाहून अधिक संगीत कोरायचे तर खोबणी जवळजवळ घ्याव्या लागतात, आणि मग आवाजाची पातळी व खर्ज दोन्ही उतरतात. सीडीला ही मर्यादा नव्हती. २०१७ च्या तिसाव्या वर्षाच्या आवृत्तीत हा अल्बम दोन तबकड्यांवर आला.

ब्रिटनमध्ये अल्बम लगेच पहिल्या क्रमांकावर गेला आणि ‘ॲनिमल’मुळे बँडला मायदेशी प्रथमच पहिल्या दहांत स्थान मिळाले. अमेरिकेत सुरुवात मंद होती. पहिले सिंगल ‘विमेन’ फारसे चालले नाही. निर्मितीखर्च भरून यायलाच काही दशलक्ष प्रती खपणे आवश्यक होते, असे सदस्य सांगत. त्यामुळे ही मंदी साधी नव्हती. १९८८ च्या उन्हाळ्यात ‘पोअर सम शुगर ऑन मी’ दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले आणि प्रकाशनानंतर जवळजवळ वर्षभराने, जुलैमध्ये, अल्बम अव्वल ठरला. ऑक्टोबरमध्ये ‘लव्ह बाइट्स’ सिंगल्सच्या यादीत पहिले आले. एकूण सात सिंगल्स निघाली.

या टिकाऊ लोकप्रियतेची कारणे तीन प्रकारे मांडली जातात. काही जण एमटीव्हीवरील चित्रफिती आणि श्रोत्यांच्या मधोमध रंगमंच असलेला दौरा यांना श्रेय देतात. काही ॲलनच्या पुनरागमनाला. पहिल्या कारणाने १९८८ चा खप समजतो, पुढच्या दशकांतला नाही. तीच साधने लाभलेले त्या काळचे कितीतरी अल्बम आज केवळ कालखंडाची खूण म्हणून उरले आहेत. दुसऱ्या कारणाने आदर वाटतो, पण गाणे पुन्हा लावावेसे वाटते ते त्यामुळे नव्हे. तिसरे मत रचनेकडे पाहते, आणि तेच अधिक ग्राह्य वाटते. येथे कोणतेही वाद्य फार काळ पुढे राहत नाही, प्रत्येक कडव्यात काहीतरी बारीक बदलते, आणि दहाव्यांदा ऐकतानाही आधी न आढळलेला एखादा आवाज सापडतो. लँगने हीच बांधणी पुढे शनाया ट्वेनच्या ‘कम ऑन ओव्हर’ (१९९७) या कंट्री-पॉप अल्बममध्ये वापरली. ही दोन्ही मुद्रणे शेजारी ठेवून ऐकल्यास नाते लपत नाही.

स्टीव्ह क्लार्क ८ जानेवारी १९९१ रोजी निधन पावला. त्याच्या हयातीत पुरा झालेला हा बँडचा शेवटचा अल्बम. २०१३ मध्ये लास व्हेगास येथे आणि २०१८ मध्ये ब्रिटनमधील दौऱ्यात तो सलग, संपूर्ण सादर झाला. प्रकाशक कंपनीशी चाललेल्या वादामुळे बँडची मूळ मुद्रणे बराच काळ डिजिटल स्वरूपात मिळत नव्हती आणि २०१२ मध्ये त्यांनी काही गाणी नव्याने मुद्रित केली. मूळ अल्बम जानेवारी २०१८ पासून स्ट्रीमिंगवर उपलब्ध आहे.