टर्की खुडूक बसली की पहिले दोन दिवस महत्त्वाचे

मार्च सरून ऊन तापायला लागलं की मराठवाड्यात टर्की पाळणाऱ्यांकडून एक तक्रार हमखास येते: मादी अंडी द्यायची थांबली, दिवसभर खोप्यात बसून असते, धड खात नाही, आजारी पडली की काय? बहुतेक वेळा ती खुडूक झालेली असते, म्हणजे अंडी उबवायच्या ओढीनं बसलेली असते. गावरान कोंबडीचं खुडूक होणं आपल्याकडं घरोघरी ठाऊक आहे. टर्कीत मात्र ही ओढ फार चिवट असते आणि दुर्लक्ष केलं तर अंड्यांचा हंगाम हातचा जातो.

ओळखायला संध्याकाळ बरी. बाकीचे पक्षी दांडीवर चढतात, ही खोप्यातच राहते. हात पुढं नेला की पिसं फुलवून फिस्कारते आणि अंग आणखी दाबून बसते. दिवसातून एखाद-दोनदा उठते, तेव्हा मोठी, उग्र वासाची विष्ठा टाकते. अलगद उचलून पोटाखाली पाहा. तिथली पिसं गळून कातडी उघडी पडलेली असते आणि बोट लावलं तर चांगली गरम लागते, कारण त्या जागेचा रक्तपुरवठा वाढलेला असतो. अंड्याला थेट कातडीची ऊब मिळावी, यासाठी शरीरानं केलेली ही तयारी.

हे घडवतं प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक. मेंदूतला हायपोथॅलॅमस ‘व्हॅसोॲक्टिव्ह इंटेस्टिनल पेप्टाइड’ हे रसायन सोडतो आणि त्याच्या इशाऱ्यावर पीयूषिका ग्रंथी प्रोलॅक्टिन बनवते. ते वाढलं की अंडाशय आक्रसतं, अंडी थांबतात, भूक मंदावते. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी या पेप्टाइडविरुद्ध टर्कींना लस टोचून पाहिली, तेव्हा खुडूकपणा कमी झाला. आपल्या अंगणात लस नको, पण यातली एक गोष्ट फार कामाची आहे. पोटाच्या उघड्या कातडीला अंड्यांचा, खोप्याचा स्पर्श मिळत राहतो तोवर प्रोलॅक्टिन चढं राहतं. स्पर्श तुटला की ते झपाट्यानं उतरतं. म्हणजे बसणंच तिला आणखी बसवतं. म्हणून तिला बसवायची की उठवायची, हे पहिल्या दोन दिवसांतच ठरवा. आठवडाभर ‘बघू, उठेल आपोआप’ म्हणत राहिलं की पिल्लंही मिळत नाहीत आणि अंडीही.

उठवायची असेल तर जाळीच्या तळाचा पिंजरा जमिनीपासून हात-दीड हात उंच ठेवा. सावली हवी, पण भरपूर उजेड आणि खालून वारा हवा. आत गवत, भुसा, गोणपाट काही टाकू नका. दाणापाणी पोटभर द्या. रात्रीही तिथंच ठेवा. तीन ते पाच दिवसांत बहुतेक माद्या भानावर येतात आणि पुढं दोन-तीन आठवड्यांत पुन्हा अंड्यावर येऊ शकतात. डालग्याखाली कोंडून मात्र काही साधत नाही: अंधार, शांतता आणि पोटाला लागलेली जमीन, म्हणजे तिला दुसरा खोपाच मिळाला! नाकात पीस खुपसायची जुनी रीत तर सोडूनच द्यावी. तिनं पक्ष्याला नुसत्या वेदना होतात.

बसवायची असेल तर आपल्याकडं खरी अडचण उन्हाची. टर्कीच्या अंड्यातून पिल्लू बाहेर यायला २८ दिवस लागतात, कोंबडीपेक्षा आठवडाभर जास्त. उबवणीला साधारण ३७.५ अंश सेल्सिअस लागतं. साठवणीत मात्र अंडं २० अंशांच्या खाली असावं, म्हणजे आतला गर्भ निजून राहतो. एप्रिल-मे महिन्यात घरातच पारा चाळिशीला टेकतो. टोपलीत ठेवलेल्या अंड्यांत गर्भ अर्धवट वाढू लागतो आणि दुबळा होऊन मरतो. मग मादीचा दोष काढला जातो! ओल्या वाळूवर ठेवलेल्या माठात कोरडं फडकं घालून अंडी ठेवली तर पारा २० वर येत नाही, पण घरापेक्षा बराच गारवा मिळतो. म्हणून उन्हाळ्यात जितकी ताजी अंडी तितकं चांगलं. चार-पाच दिवसांहून जुनी बसवूच नका. एका मादीखाली दहा ते पंधरा पुरेत, आणि ठेवायची रात्रीच. पत्र्याखालचा खोपा टाळा. कडब्याच्या मांडवाखाली बसवा. रोज गार वेळी तिला स्वतः उचलून दाण्यापाण्यावर सोडा. काही माद्या उठतच नाहीत आणि उन्हाळ्यात तहानेनं जीव गमावतात.

पिल्लं निघाल्यावर गावरान कोंबड्या वावरतात त्या जमिनीवर त्यांना सोडू नका. कोंबडीच्या आतड्यातल्या कृमींच्या अंड्यांमधून ‘ब्लॅकहेड’ रोगाचा जंतू पसरतो आणि ती अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात. कोंबडीला त्याचा फारसा त्रास होत नाही, टर्कीचं यकृत मात्र सडतं. विष्ठा गंधकासारखी पिवळी दिसली, पिल्लू पंख सोडून उभं राहिलं, तर त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकाला दाखवा. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयंही आहेत.