तान्ह्या बाळाचा सीपीआर
१ वर्षाच्या आतल्या बाळाचा श्वास आणि हृदय बंद पडलं तर मदत येईपर्यंत मेंदूला रक्त पोचत राहावं म्हणून छाती दाबायची आणि मधे मधे तोंडाने श्वास द्यायचा, याला तान्ह्या बाळाचा सीपीआर म्हणतात. मोठ्यांचं हृदय बरेचदा हृदयाच्याच आजाराने थांबतं, बाळाचं तसं कमी. त्याचा आधी श्वास कोंडतो, घशात काही अडकतं, पाण्यात बुडतं, न्यूमोनिया होतो, आणि मग ऑक्सिजन न मिळाल्याने हृदय थांबतं, म्हणून बाळाला नुसती छाती दाबून भागत नाही, श्वास द्यावेच लागतात.

आधी तळपायावर टिचक्या मारून हाक मारायची, गदागदा हलवायचं नाही. हालचाल नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके देतंय, हे १० सेकंदांत ठरवायचं. बाळाला टेबलावर किंवा जमिनीवर ठेवा, गादीवर नको, तिथे दाब गादीच खाते.

दोन्ही हातांचा छातीला विळखा घालायचा, बोटं पाठीमागे आणि दोन्ही अंगठे स्तनाग्रांच्या रेषेच्या जरा खाली, मधल्या हाडावर. त्या हाडाच्या अगदी खालच्या टोकावर दाबू नका. विळखा बसत नसेल तर एका तळहाताचा मनगटाजवळचा भाग वापरायचा. पूर्वी दोन बोटांनी दाबायला शिकवायचे, पण त्याने पुरेसं खोल दाबलं जात नाही म्हणून अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२५ मधे ती पद्धत काढून टाकली.

खोली छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश, साधारण ४ सेंटीमीटर. एवढ्याशा छातीवर ४ सेंटीमीटर दाबायचं म्हणजे कोणाचाही हात कचरतो, पण हळुवार दाबलं तर रक्त पुढे सरकतच नाही, आणि फासळी दुखावली तर ती नंतर भरून येते. वेग मिनिटाला १०० ते १२०, आणि दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची.

एकटे असाल तर ३० दाब आणि २ श्वास, ट्रेनिंग घेतलेले दोघं असतील तर १५ ला २. बाळाचं डोकं मागून मोठं असतं, त्यामुळे उताणं झोपवलं की हनुवटी छातीकडे जाते आणि श्वासनलिका दबते, म्हणून खांद्यांखाली पातळ घडी ठेवून नाक सरळ छताकडे ठेवायचं. आपल्या तोंडाने बाळाचं नाक आणि तोंड दोन्ही झाकून फक्त गालातली हवा १ सेकंदभर सोडायची, छाती वर आली की पुरे, जास्त हवा पोटात जाते.

फोन जवळ असेल तर लगेच मदतीसाठी फोन करून तो स्पीकरवर ठेवा, नसेल तर आधी २ मिनिटं सीपीआर देऊन मग बाळाला उचलून मदतीकडे जा.