लाईट गेली म्हणून वाचले

वागळे इस्टेटला माझ्या मामेभावाचा फॅब्रिकेशनचा गाळा आहे, सहा माणसं, एकच कॉम्प्युटर, त्यावर टॅली, ड्रॉइंग, पार्ट्यांची उधारी, सगळंच. ऐन मार्चएंडला 'पेंडिंग इनव्हॉइस' असा मेल आला, ऑफिसातल्या पोरानं अटॅचमेंट उघडली आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत एकही फाईल उघडेना, स्क्रीनवर फक्त पैसे मागणारी चिठ्ठी. भाऊ निवांत, म्हणे बॅकअप आहे की, रोज घेतो. पण बॅकअपची हार्डडिस्क बारा महिने सीपीयूच्या मागे खोचलेलीच, तीपण गेली!

याला रॅन्समवेअर म्हणतात. फाईल जागेवरच राहते, फक्त आतल्या मजकुराचा गणितानं भुगा करून ठेवतात, आणि ते काम आपलाच प्रोसेसर इमानेइतबारे करतो. ज्या किल्लीनं लॉक केलं ती किल्ली परत दुसऱ्या कुलपात, आणि त्याची चावी फक्त चोराकडे, त्यामुळे कॉम्प्युटर रिपेअरवाला कितीही हुशार असला तरी हात टेकतो. हा प्रोग्रॅम सी, डी, ई करत दिसेल तो ड्राइव्ह धरतो, त्याला काय माहीत कुठला बॅकअपचा.

मोठ्यांचंही हेच होतं बरं का. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा असाच एक व्हायरस युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला, मर्स्क ही जहाज कंपनी आडवी झाली आणि इकडे न्हावाशेवाला जेएनपीटीतलं त्यांच्या ग्रुपचं टर्मिनल ठप्प. विंडोजच्या ज्या भोकांतून तो पसरला ती बुजवणारा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, मार्चमध्येच आला होता, पण अपडेट 'उद्या करू' म्हणणारे सगळीकडेच. त्यात पैसे भरूनही फायली परत मिळण्यासारख्या नव्हत्याच.

मर्स्कमध्ये कोणाला कुठे लॉगिन करता येईल त्याची वही ठेवणारे सर्व्हर जगभर एकदम पुसले गेले, एक सोडून. तो घानामध्ये होता आणि हल्ल्याच्या वेळी तिथली लाईट गेलेली! नेटवर्कला जोडलेलाच नव्हता म्हणून वाचला, बाकी काही कर्तबगारी नाही.

भावाला असं नशीब नव्हतं. सीएकडच्या पीडीएफ, जीएसटी पोर्टलवरची रिटर्न आणि उरलेलं बिलबुकातून बघून टाईप, दीड महिना गेला. आता मेलला ओटीपी लावलाय, अपडेट होऊ देतो, आणि दोन हार्डडिस्क आहेत, एक शनिवारी काढून घरी कपाटात. मी म्हटलं, नुसती ठेवू नको, दुसऱ्या मशीनवर उघडून बघ. पहिल्याच वेळी उघडली तर टॅलीचं फोल्डर रिकामं, कॉपी चुकीच्या जागेवरून होत होती.