आइसलंडने पंतप्रधानाला तुरुंगात टाकलं होतं का?

‘२००८च्या मंदीनंतर आइसलंडच्या जनतेने पंतप्रधानासकट सगळे बँकवाले गजाआड केले’ हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. त्यातलं अर्धंच खरं आहे.

पंतप्रधान गेइर हार्दे यांच्यावर खटला चालला. पण एप्रिल २०१२मध्ये ते एकाच आरोपात दोषी ठरले: संकटाबाबत मंत्रिमंडळाची बैठक न घेणं. शिक्षा? काहीच नाही. उलट वकिलाचा खर्चही सरकारनेच भरला!

बँकवाले मात्र खरोखर आत गेले. सगळे नव्हे, पण काही बडे नक्कीच. कतारच्या एका शेखने आपले ५ टक्के शेअर घेतल्याचा गाजावाजा काउपथिंग बँकेने केला होता. पैसे कुणाचे? बँकेनेच कर्जाऊ दिलेले. या प्रकरणात तिच्या प्रमुखाला साडेपाच वर्षांची शिक्षा झाली.