एडिंबरा: ओल्ड टाउन की न्यू टाउन? प्रबोधनकाळाच्या खुणा नेमक्या कुठे आहेत

अठराव्या शतकातल्या स्कॉटिश प्रबोधनाच्या, म्हणजे तर्क आणि विज्ञानावर भर देणाऱ्या विचार-चळवळीच्या, खुणा बघायला एडिंबरात येणारे बरेच जण डोळ्यांवर भरवसा ठेवून वाट ठरवतात. ओल्ड टाउनमध्ये किल्ला, अंधारे बोळ आणि भुतांच्या सहली, म्हणजे ते मध्ययुग. न्यू टाउनमध्ये रुंद रस्ते आणि एका रेषेतली दगडी घरं, म्हणजे तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम आणि अर्थतज्ज्ञ अ‍ॅडम स्मिथ तिथलेच. वरवर पटतं, पण हिशेब जवळजवळ उलटा आहे.

न्यू टाउनचा आराखडा मंजूर झाला 1767 मध्ये. ह्यूमची बहुतेक महत्त्वाची पुस्तकं तोवर छापून झाली होती. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाची पहिली आवृत्ती 1768 ते 1771 या काळात निघाली. तिचा संपादक विल्यम स्मेली याचा छापखाना ओल्ड टाउनच्या मुख्य रस्त्याला, रॉयल माइलला, लागून असलेल्या अँकर क्लोजमध्ये होता. क्लोज म्हणजे मुख्य रस्त्यावरून दोन्ही बाजूंना उतरणारे अरुंद बोळ. जुन्या गावाला पसरायला जागा नव्हती, म्हणून इमारती वर चढत गेल्या. एकाच जिन्यावर मधल्या मजल्यांवर वकील-सरदार, तर तळाशी आणि माळ्यावर कारागीर, हमाल राहत. विद्यापीठ, न्यायालय, छापखाने आणि गुत्त्यांतल्या चर्चामंडळ्या सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. इथल्या विचारांची देवाणघेवाण समजायची तर ही दाटी आधी पाहावी.

सुरुवात रॉयल माइलच्या वरच्या भागातल्या लॉनमार्केटहून करा, कारण तिथून होलीरूड राजवाड्यापर्यंत उतार आहे. रिडल्स कोर्ट आणि समोरचं जेम्स कोर्ट या दोन्ही ठिकाणी ह्यूम राहून गेला. जवळच त्याचा पुतळा आहे. त्याच्या पायाचा अंगठा विद्यार्थ्यांनी परीक्षेआधी नशिबासाठी घासून चकचकीत केलाय. चमत्कारांवर आयुष्यभर शंका घेणाऱ्या माणसाच्या वाट्याला हे यावं! पुढे सेंट जाइल्स चर्चपाशी स्मिथचा पुतळा आहे, तो मात्र 2008 सालचा.

मर्काट क्रॉस, म्हणजे जुन्या बाजाराच्या खुणेच्या खांबापाशी, लोक हमखास फसतात. समोर दिसणारं बांधकाम 1885 चं आहे. जुना क्रॉस 1756 मध्येच पाडला, म्हणजे ह्यूम-स्मिथ यांच्या भराच्या काळात तिथे क्रॉस नव्हताच. लोक मात्र त्याच जागी जमत राहिले. मूळ जागा बघायची असेल तर मान खाली घाला, फरसबंदीत दगडांची अष्टकोनी आखणी आहे.

समोरच्या सिटी चेंबर्सच्या इमारतीचं मूळ नाव रॉयल एक्स्चेंज. तिच्या पोटात मेरी किंग्ज क्लोज हा गाडला गेलेला बोळ आहे आणि प्लेग, भुतं ऐकायला तिथे गर्दी असते. त्याच इमारतीत वर जकात खात्याचं कार्यालय होतं आणि 1778 पासून स्मिथ त्याचा एक आयुक्त होता. ही गोष्ट तिथे आलेल्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. त्याचं घर, पॅनम्यूर हाउस, खाली कॅननगेटच्या, म्हणजे रॉयल माइलच्या खालच्या भागाच्या, एका बोळात आहे. ते रोज उघडं असेल असं गृहीत धरू नका, आधी वेळ तपासा. आणखी एक: स्मिथचं अर्थशास्त्रावरचं गाजलेलं पुस्तक 'वेल्थ ऑफ नेशन्स' इथे लिहिलेलं नाही. ते 1776 मध्येच प्रसिद्ध झालं होतं. इथे त्याने सुधारित आवृत्त्यांचं काम केलं. न्यू टाउन डोळ्यांदेखत उभं राहत असतानाही तो 1790 मध्ये वारला तो याच घरी, आणि पुरलाय शेजारच्या कॅननगेट चर्चच्या आवारात.

ह्यूमची कबर तिथे नाही. ती वॉटर्लू प्लेसवरच्या ओल्ड कॅल्टन कब्रस्तानात आहे. नाव ऐकून लोक कॅल्टन टेकडी चढतात आणि माथ्यावरच्या अर्धवट ग्रीक खांबांपाशी शोधत बसतात. ते खांब नेपोलियनविरुद्धच्या युद्धांचं स्मारक आहे. 1829 मध्ये पैसे संपले आणि काम थांबलं. टेकडी चढायची नाही, रस्त्याच्या दक्षिणेला पायऱ्या आहेत त्यांनी आत जा. वास्तुकार रॉबर्ट अ‍ॅडमने आखलेला गोल बुरुजासारखा मकबरा लगेच ओळखू येतो.

तिथून पश्चिमेला चालत गेलं की न्यू टाउन सुरू होतं, आणि या क्रमाने आलात तर त्याचा अर्थ नीट लागतो. विचार आधी पिकले, त्यांच्या शिस्तीचं गाव नंतर आखलं गेलं. वास्तुकार जेम्स क्रेगचा न्यू टाउनचा आराखडा साधा आहे: तीन समांतर रस्ते, दोन टोकांना दोन चौक. प्रिन्सेस स्ट्रीटवरून मात्र न्यू टाउनची परीक्षा करू नका, तिथली बहुतेक दर्शनी बाजू नंतरच्या दुकानांनी बदलली आहे. जॉर्ज स्ट्रीट धरा.

सेंट अँड्र्यू चौकात पूर्वेला क्रेगने चर्च योजलं होतं. लॉरेन्स डंडास या धनाढ्याने ती जागा पटकावून स्वतःचा वाडा बांधला, आणि चर्च जॉर्ज स्ट्रीटवर सरकलं. कागदावरची सममिती पहिल्याच चौकात मोडली. चौकाच्या मधोमध उंच खांबावर उभा आहे तो वेगळा डंडास, हेन्री. गुलामांचा व्यापार बंद व्हायला लावलेल्या विलंबाबद्दल त्याच्यावर आजही वाद चालू आहे. ह्यूम 1771 मध्ये या चौकाजवळ राहायला आला आणि पाच वर्षांनी तिथेच वारला. दुसऱ्या टोकाचा शार्लट चौक रॉबर्ट अ‍ॅडमने 1791 मध्ये आखला, तोवर ह्यूम आणि स्मिथ दोघेही गेले होते. तिथलं 7 क्रमांकाचं जॉर्जियन हाउस आतून बघा. तळघरातलं स्वयंपाकघर पाहिलं की कळतं, जुन्या गावात जिन्यावर भेटणारा नोकरवर्ग इथे वेगळ्या दाराने, जमिनीखाली गेला.

ओल्ड टाउनला अडीच तास, न्यू टाउनला दीड तास पुरतो. बोळांतले दगड पावसात निसरडे होतात, तेव्हा गुळगुळीत तळव्याचे बूट नकोत. वेळ एकाच भागाला असेल तर ओल्ड टाउन घ्या.